मयत धुणाऱ्या बाईची साक्ष

ताल्दी-बुलाक
९ मे

साल्किन विहीणबाई,

तुमची घोडी परत पाठवली आहे. तिच्या गळ्यातलं पांढरं फडकंही तसंच आहे. घोडीला पाणी पाजलं, कारण जनावराचा काही दोष नाही. तुमच्या तीन म्हाताऱ्यांना मात्र चहा विचारला नाही. नमद्याच्या टोप्या घालून ते माझ्या अंगणात उभे राहिले, दाढ्या कुरवाळल्या आणि म्हणाले, "झुरा, झाली ती अल्लाची मर्जी. राग गिळ आणि 'माझा काही दावा नाही' एवढं लिहून दे." राग शांत करायची घोडी मुलगी पळवून नेल्यावर आणतात. मुलगी मातीत घातल्यावर कुणी आणलेली मी तरी पाहिली नाही.

त्या कागदाचं महत्त्व मलाही कळतं. मुलीच्या आईनं दावा सोडला की तुमचा वकील कलम बदलून घेणार, आणि तुमचा मुलगा तिलेक चार दिवसांनी तुरुंगातून घरी येऊन घोडीच्या दुधाचं कुमिस पीत बसणार. मी लिहून देणार नाही.

नोव्हेंबरात तुम्ही सांगितलंत, बेगिमाय बटाटे काढायला तळघरात उतरली आणि शिडीवरून पडली. मी मान्य केलं. पाच महिने मान्य करून बसले. मग तिच्या मैत्रिणीनं, परिझातनं, फोनवरचा तो आवाज बाहेर काढला. मरायच्या दोन दिवस आधी बेगिमायनं तिला पाठवला होता: "आज पुन्हा गळा धरला. आवाज असाच येतोय, हसू नकोस." आता देशात असा एक फोन नाही ज्याच्यावर माझ्या लेकीचा तो घोगरा आवाज वाजला नाही. राजधानीत बाया तिचा फोटो घेऊन चौकात उभ्या राहतात. ज्यांनी तिला कधी पाहिलं नाही त्या रडतात, आणि ज्यांच्या घरात ती दीड वर्ष भाकऱ्या भाजत होती ते घोडी पाठवतात.

एकच विचारते. तिला तुम्ही तिघींनी धुतलंत. मी तंबूत पाठमोरी बसून रिवाजाप्रमाणे शोकगीत म्हणत होते, सासरची माणसं सोन्यासारखी म्हणून गात होते. बातमाआपा वसंतात वारली. तुमची जाऊ म्हणते, साल्किन बोलेल तेच माझं. मग उरलात तुम्ही. तिच्या गळ्यावर काय होतं?

झुरा


किझिल-दोबो
१६ मे

झुरा विहीणबाई,

पत्र पोचलं, घोडीही पोचली. जुमाबेक गाडीवाल्यानं पत्र हातात देताना माझ्या तोंडाकडे पाहिलं नाही, एवढी माझी अब्रू तुम्ही ठेवलीत.

मी फोन का करत नाही हे तुम्हाला ठाऊक आहे. मागच्या महिन्यात केला तर तुमच्या भाच्यानं माझं रडणं रेकॉर्ड करून नेटवर टाकलं. खाली चार हजार लोकांनी लिहिलं, काय लिहिलं ते कागदावर लिहवत नाही. कुणी म्हणालं, म्हातारीलाही त्याच तळघरात ढकला. ही तुमची न्याय मागणारी माणसं. मेल्याच्या टाळूवरचं लोणी खाणारी जात आहे ती, आज तुमच्या ताटात वाढतायत म्हणून गोड लागतंय.

आमच्या फाटकावर लाल रंगानं 'खुनी' लिहिलंय. दोनदा पुसलं, तिसऱ्यांदा तसंच राहू दिलं. दुकानदार पीठ देतो, पण पिशवी काउंटरवर ठेवून मागे सरतो. तिलेकचा बाप असता तर त्यानं काही केलं असतं. मी गाई राखणारी बाई, कुणाकुणाला तोंड देऊ?

माझा मुलगा तापट आहे, नाही म्हणत नाही. पण तो खुनी नाही. पोरगी शिडीवरून पडली. आणि तेव्हा चौकीतला माणूस म्हणाला होता, डॉक्टरकडे नेऊ, तपासू, तेव्हा कोण आडवं पडलं? तुम्ही. "माझ्या लेकीला कापू देणार नाही" म्हणून तुम्हीच त्याच्या कागदावर सही केलीत. आता जमिनीतून उकरून बघितलं तर डॉक्टर म्हणतात, काही सांगता येत नाही. बैल गेला आणि झोपा केला, आणि खापर माझ्या डोक्यावर.

धुण्याचं विचारता. विचारणं शोभत नाही तुम्हाला. धुणाऱ्या बाईनं जे पाहिलं ते तिच्याबरोबर कबरीत जातं, हे तुम्हाला तुमच्या आजीनं शिकवलं नसेल तर मुल्लाला विचारा. मयताच्या अंगावरचं बाहेर सांगणारीवर अल्लाचा कोप होतो. मी काही पाहिलं नाही, आणि पाहिलं असतं तरी बोलले नसते.

आणखी एक. टीव्हीवर तुम्ही म्हणता, "मला काहीच ठाऊक नव्हतं, लेक सुखात आहे असंच वाटत होतं." ऑक्टोबर आठवतो का, विहीणबाई?

साल्किन


ताल्दी-बुलाक
२४ मे

साल्किनबाई,

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या अशा.

हो, मी कापू दिलं नाही. सही माझीच आहे, रोज डोळ्यांपुढे येते. तुमच्या घरातल्या वीस माणसांनी मला घेरलं होतं, दफनाला उशीर करू नका, पोरीचे हाल करू नका म्हणून. मला वाटलं, ही माझ्या लेकीच्या अब्रूसाठी बोलताहेत. माझी अक्कल तेव्हा कुठे चरायला गेली होती कोण जाणे.

मुल्लाकडे मी गेले होते. तो म्हणाला, मयताचं व्यंग झाकायचं असतं. व्यंग, बाई. एखादीची पाठ वाकडी असते, एखादीच्या अंगावर डाग असतात. जिवंत माणसाची बोटं हे मयताचं व्यंग नाही. तुम्ही मेलेलीची लाज झाकत नाही आहात, स्वतःच्या पोराची झाकताय. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याची ती पोर.

धुणाऱ्यांना रिवाजाप्रमाणे तिचे कपडे मिळाले. परवा बाजारात तुमच्या जावेच्या अंगावर बेगिमायचा निळा कोट पाहिला. लग्नात मी शिवला होता तो, आतलं अस्तर माझ्या हातचं आहे. तुमची जाऊ बटणं लावून भाव करत होती. तिची काही चूक नाही, वाटणीला आलेलं घालणारच. पण मला घरी यायला दोन तास लागले, मध्येच बसावं लागलं.

ऑक्टोबरचं काय? ऑक्टोबरात ती माहेरी पाहुणी आली होती. चार दिवस राहिली आणि परत गेली. सगळ्यांच्याच मुली येतात.

झुरा


किझिल-दोबो
२ जून

झुरा विहीणबाई,

पाहुणी.

पाहुणी माणसं पहाटे चालत रस्त्यावर येऊन, हातात पिशवीसुद्धा न घेता, दुधाच्या गाडीत बसून माहेरी जातात होय? मग मी लिहिते, तुम्ही वाचा.

पाचव्या दिवशी तुम्ही तिला घेऊन आलात. स्वतः. जुमाबेकच्या गाडीतून, मांडीवर बोरसोकांची पिशवी घेऊन, कणकेचे गोळे तळून आणलेले, अजून ऊन होते. माझ्या स्वयंपाकघरात बसलात. पोरीला म्हणालात, "सासूची माफी माग." तिनं मागितली, गुडघ्यावर बसून. मला सुद्धा कसंतरी झालं, मी म्हटलं, राहू दे. तुम्ही म्हणालात, "नाही, मागू दे. दगड पडला तिथंच जड असतो, उचलून नेला की हलका होतो. माझ्या घरी दुसरी मुलगी लग्नाची आहे, ही परत आली तर तिला कोण विचारणार?" मग चहा प्यालात, दोन पेले. जाताना ती फाटकापर्यंत तुमच्या मागे आली, तर तुम्ही तिला हातानं आत ढकललंत. मी खिडकीतून पाहत होते.

तीन आठवड्यांनी ती गेली.

आता बोला. कुणी मारलं तिला, एकट्या तिलेकनं?

हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. जनाची नाही, मनाची तरी लाज म्हणून गप्प राहिले. पण मला एकच मुलगा आहे. ती राजधानीतली पोरगी, नेटवर आरशासमोर बसून तोंडाला रंग लावता लावता खून सांगते ती, तिच्या माणसाचा मला रोज फोन येतो, "आजी, तुमची बाजू सांगा." मी आजवर उचलला नाही. वीस जूनला सुनावणी आहे. त्याआधी तुमचा कागद आला, दावा नाही असा, तर पुढेही उचलणार नाही. नाही आला तर बोरसोकांसकट सगळं सांगेन. मग बघू चौकातल्या बाया कुणाचा फोटो घेऊन उभ्या राहतात.

मला वाईट म्हणा. मी आई आहे.

साल्किन


ताल्दी-बुलाक
२३ जून

साल्किनबाई,

तुमचा फोन उचलायचा त्रास मी वाचवला. वीस तारखेला कोर्टात मीच सांगितलं.

जज्जांनी विचारलं होतं, "मुलीनं आपल्याला कधी त्रासाबद्दल सांगितलं होतं का?" माझ्या वकिलानं आदल्या दिवशी पढवून ठेवलं होतं, नाही म्हणा. मी उभी राहिले आणि हो म्हणाले. चालत आली ते सांगितलं, दुधाची गाडी सांगितली, माफी सांगितली. बोरसोक सांगितले, तुम्हाला ते फार आवडले होते म्हणून. आणि तुम्हाला ठाऊक नाही तेही सांगितलं. चार दिवस ती माझ्या घरात गळ्याला लोकरीचा रुमाल गुंडाळून होती. जेवताना, झोपताना सुद्धा. म्हणाली, सर्दी झालीय. मी तिची आई, बावीस वर्षं तिला न्हाऊमाखू घातलेली. रुमाल काढ, असं मी एकदाही म्हणाले नाही. म्हटलं असतं तर दिसलं असतं, आणि दिसलं असतं तर ठेवून घ्यावं लागलं असतं.

वकिलानं कपाळाला हात लावला. तिलेकचा वकील हसला आणि काहीतरी लिहून घेतलं.

बाहेर आले तेव्हा फोटोवाल्या बाया होत्याच. सकाळी ज्यांनी मला मिठी मारली होती त्यातलीच एक पुढे आली आणि माझ्या पायांपाशी थुंकली. म्हणाली, "तू आई आहेस का कोण आहेस?" तिचं काही चुकलं नव्हतं. रंग लावणाऱ्या पोरीनं त्याच संध्याकाळी माझ्यावर तासभर कार्यक्रम केला. माझी धाकटी ऐझादा दोन दिवस घराबाहेर पडली नाही. तिला बघायला येणार होते ते आता येणार नाहीत. जिच्या लग्नासाठी मी मोठीला परत धाडली, ती म्हणते, "आई, माझ्यासाठी केलंस असं पुन्हा कुणाला सांगू नकोस."

तुमच्याकडे माझ्यावर चालवायला आता काही उरलं नाही. कागद मिळणार नाही.

जज्ज म्हणाले, आवाज आहे, पण आवाज दोन दिवस आधीचा आहे. त्या दिवशी गळा धरला याला पुरावा काय? डॉक्टर सांगू शकत नाहीत. पाहिलेलं कुणी असेल तर दहा जुलैला उभं करा, नाहीतर शिडीवरून पडली असंच धरावं लागेल.

पाहिलेल्या तुम्ही आहात. मी हात जोडत नाही. तुमच्याबद्दल माझ्या मनात माया नाही, मरेपर्यंत येणार नाही. मी पोरीला एकदा ढकललं ते चारचौघांत कबूल केलं आणि अजून जिवंत आहे, एवढंच कळवते. माणूस याने मरत नाही. मरावंसं वाटतं, पण मरत नाही.

झुरा


किझिल-दोबो
१३ जुलै

झुरा विहीणबाई,

तुम्ही कोर्टात दुसऱ्या बाकावर होतात, तेव्हा मी काय बोलले ते तुम्ही ऐकलंच. तरी लिहिते, कारण तिथे कारकून दोनदा म्हणाला, मोठ्यानं बोला.

गळ्याच्या डाव्या बाजूला चार बोटं, उजवीकडे एक. काळीनिळी, प्लम चुरडल्यासारखी. बातमाआपानं पाणी ओतायचं थांबवलं आणि माझ्याकडे पाहिलं. जाऊ रडायला लागली. मी म्हटलं, "बायांनो, पाण्याबरोबर गेलं हे." कफन मीच वर ओढलं, हनुवटीपर्यंत, आणि वरून आणखी एक पट्टी बांधली. तुम्ही तोंड बघायला आलात तेव्हा मी मुद्दाम उशाशी उभी होते.

हे सांगून झालं तरी मी उभीच होते. आरोपीच्या काचेच्या खोक्यातून तिलेक उठला. मला वाटलं, शिव्या देईल. लहानपणापासून आईला आपाच म्हणतो तो. म्हणाला, "आपा, बस. पाय दुखतील तुझे." पोलिसानं त्याला खाली बसवलं. तुम्ही तेव्हा खाली मान घातली होती, पण ऐकलं असणार. विहीणबाई, त्यानं शिवी दिली असती तर मी आज जेवले असते.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. जज्जांनी गप्प करेपर्यंत वाजवत होते. बाहेर एका बाईनं माझा हात डोळ्यांना लावला आणि दुसऱ्या हातानं फोन धरून तो हात लावतानाचा फोटो घेतला. काल कुणीतरी फाटकावरचं लाल अक्षर पुसून गेलं, मला न विचारता. नेटवर म्हणे आता मी सगळ्या देशाची आई आहे. भाच्याला विचारा, तो वाचून दाखवेल. मुल्लानं मात्र वाटेत तोंड फिरवलं, दीर येत नाहीत, आणि जावेनं निळा कोट कुंपणावरून आत फेकला. जुमाबेकच्या हाती पाठवतेय. अस्तर फाटलेलं नाही.

निकाल काय लागायचा तो लागेल. लोक म्हणतात जन्मठेप हवी. मी काही म्हणत नाही.

एक राहिलं. जज्जांनी विचारलं, "त्या दुपारी तुम्ही कुठे होतात?" मी म्हटलं, गोठ्यात. ते खोटं आहे. तुमच्याइतकी माझी छाती नाही, भरल्या कोर्टात सांगायला जमलं नाही. तुम्हाला सांगते. हा कागद मग चौकीत द्या, रंग लावणाऱ्या पोरीला द्या, चुलीत घाला. मी तुमचं गुपित धरून तुम्हाला नाचवायला निघाले होते, आता माझं तुमच्या हातात आहे.

मी घरात होते. चार वाजता तो खुनांचा कार्यक्रम लागतो, तो मी कधी चुकवत नसे. त्या दिवशी दक्षिणेकडच्या एका मुलीचं प्रकरण होतं, नवऱ्यानं मारलेली, तुमच्या-माझ्या पोरांच्याच वयाची. तिची आई बोलत होती. पलीकडच्या खोलीत दोघांचं सुरू झालं. आधी त्याचा आवाज, मग तिचा, मग बाकडं पडल्याचा. बेगिमायनं मला "आपा" म्हणून हाक मारली, दोनदा. मला वाटलं, रोजचंच आहे, आत्ता थांबेल. त्या आईचं बोलणं मला नीट ऐकू येईना, म्हणून मी रिमोट घेतला आणि आवाज वाढवला.

मी रडत होते, विहीणबाई. खरोखर रडत होते, डोक्यावरच्या रुमालाचं टोक भिजलं होतं माझं. मग त्यांनी त्या मुलीची सासू दाखवली, कोर्टातून तोंड झाकून जाणारी. मी तिला शिव्या दिल्या. म्हटलं, बये, भिंतीला भिंत लागून घरात बसलेली होतीस, तुला ऐकू कसं आलं नाही?

साल्किन